शास्त्रीय शब्दांतील पंख

जून २०२१ मध्ये रेवदंडा बंदराजवळ 'मंगलम' नावाचे मालवाहू जहाज ऐन पावसाळी समुद्रात अर्धवट बुडाले. जहाजावर सोळा खलाशी होते. त्यांना सोडविण्यासाठी आपल्या खाडीपलीकडच्या दिघीहून तटरक्षक दलाची 'सुभद्राकुमारी चौहान' ही नौका निघाली आणि वरून हेलिकॉप्टरे आली. सोळाही खलाशी सुखरूप निघाले. अशा प्रसंगांमुळे हेलिकॉप्टर हा शब्द आगरदांड्याच्या धक्क्यावर जंगलजेटीची वाट पाहणाऱ्या लहान पोरालाही ठाऊक असतो. पण ह्या शब्दाचा अर्थ काय, असे विचारले तर मोठी माणसेही 'हेली' आणि 'कॉप्टर' असे दोन तुकडे करतात व तेथेच अडतात.

त्यात त्यांचा दोष नाही. इंग्रज व अमेरिकन लोकांनीही तो शब्द तेथेच तोडला. 'हेलिपॅड' झाले, चार पंख्यांचे 'क्वाडकॉप्टर' झाले. पण हा तुकडा चुकीच्या सांध्यावर पडला आहे. आपल्या गावाचे नाव कोणी 'आगरदां' आणि 'डा' असे फोडावे, त्यातला हा प्रकार. खरा सांधा 'हेलिको' आणि 'प्टर' ह्यांच्यामध्ये आहे. ग्रीक भाषेत 'हेलिक्स' म्हणजे वेटोळे, शंखावरची किंवा मळसूत्रावरची वळत जाणारी रेघ. आणि 'प्टेरॉन' म्हणजे पंख. मळसूत्री पंख, एवढाच हेलिकॉप्टरचा अर्थ. फ्रान्समधील पाँताँ दामेकूर नावाच्या गृहस्थाने १८६१ साली हा शब्द घडविला आणि वाफेवर चालणारे एक छोटे यंत्रही तयार केले. यंत्र जमिनीवरून उठले नाही. शब्द मात्र उडाला.

ज्याने कारखान्यात हाताने स्क्रू पिळला आहे, त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आटे लाकडात शिरतात तसा फिरता पंखा हवेत शिरतो व यंत्राला वर ओढतो. आपले कोळी बांधव होडीच्या इंजिनाला जे जोडतात त्याला पंखाच म्हणतात, आणि इंग्रजीत जहाजाच्या त्याच भागाला स्क्रू म्हणतात. म्हणजे विद्वानांनी ग्रीक भाषेत जे जोडले ते येथल्या धक्क्यावर बिनग्रीक माणसाने आपल्या परीने जोडलेलेच आहे.

मी ग्रीक भाषेचा पंडित नाही. कामगारांची कागदपत्रे वाचून दाखवण्याच्या व्यवहारात पुढे पुढे असे शब्द येत गेले. डॉक्टरचा कागद, औषधाचे वेष्टण, कृषी खात्याचे पत्रक. कागद हातात धरलेला माणूस त्या शब्दापाशी आला की गप्प होतो आणि कागद पुढे करतो. शब्दकोश जवळ ठेवून मी ते शब्द एकेक करून सोडवू लागलो, तेव्हा ध्यानात आले की ह्यांतील बहुतेक जोडकाम आहे. सुटे भाग थोडे आणि जोडण्या पुष्कळ. त्यांपैकी पंखाचा एकच भाग आज हाती घ्यावयाचा आहे.

आधी त्याचे आपल्याशी असलेले नाते. संस्कृतात 'पत्' हा धातू उडणे आणि पडणे ह्या दोन्ही अर्थांचा आहे. त्यातून पतंग आला, पतनही आले. त्याच धातूपासून 'पत्र' हा शब्द झाला. पत्र म्हणजे मुळात उडण्याचे साधन, पंख. मग झाडाचे पान. मग पानावर लिहिलेला मजकूर. आणि आज पोस्टमन आणतो ते पत्र. ग्रीक प्टेरॉन आणि संस्कृत पत्र हे एकाच प्राचीन मुळाचे दोन फाटे आहेत, हे भाषाशास्त्रज्ञांनी फार पूर्वी दाखवून दिले आहे. लॅटिनमध्ये त्याच मुळापासून 'पेन्ना' म्हणजे पीस हा शब्द झाला, पिसाने लिहीत म्हणून त्याचे इंग्रजीत पेन झाले. तेव्हा आपण पेनाने पत्र लिहितो आणि वरून हेलिकॉप्टर जाते, ह्या तिन्ही वस्तूंचे आजोळ एक आहे. आपला स्वतःचा 'पंख' हा शब्द मात्र दुसऱ्या घरचा, 'पक्ष' ह्या शब्दापासून आलेला. पंख, बाजू, पंधरवडा आणि राजकीय पक्ष हे सर्व त्या एका शब्दात मावते. पक्ष्याला दोन्ही पक्ष लागतात. राजकीय पक्षांच्या बाबतीत मी काही बोलत नाही.

उच्चाराची एक गंमत सांगून पुढे जातो. 'प्ट' हा जोड शब्दाच्या आरंभी आला की इंग्रजी जिभेला झेपत नाही, म्हणून तेथे प गिळतात आणि टेरोडॅक्टिल म्हणतात. आपल्याला सप्तमी, तृप्त, गुप्त म्हणण्याची जन्माची सवय आहे. म्हणून मुलांनी हे शब्द शिकताना प सकट म्हणून पाहावेत; शब्दाचा सांधा कानाला लगेच कळतो.

ह्या पंखाचा सर्वांत मोठा संसार कीटकांच्या शास्त्रात आहे. ॲरिस्टॉटलने दोन पंखांचे आणि म्यानपंखांचे असे कीटकांचे भेद सांगितलेलेच होते. पुढे स्वीडनच्या लिनियसने १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत कीटकांचे गणच पंखांवरून पाडले. माणसाने कीटक हातात धरावा, पंख मोजावेत, कसले आहेत ते पाहावे आणि गण सांगावा, इतकी ती सोपी युक्ती होती.

डिप्टेरा म्हणजे दोन पंखांचे. माशी, डास, चिलट. इतर बहुतेक उडणाऱ्या कीटकांना चार पंख असतात. ह्यांची मागची जोडी आखडून दोन बारीक गाठी राहिल्या आहेत, आणि उडताना तोल राखण्याचे काम त्या गाठी करतात. लेपिडोप्टेरामधील 'लेपिस' म्हणजे खवला. फुलपाखरू धरले की बोटांना जी रंगीत भुकटी लागते ते त्याचे खवले होत. मासळी साफ करणाऱ्या बाईला हा शब्द एकदा सांगावा, पुन्हा सांगावा लागत नाही. 'खवलेपंखी' म्हटले की ती हसते आणि तिच्या तो लक्षात राहतो.

कोलिऑप्टेरा आपल्या वाड्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा. 'कोलिऑस' म्हणजे म्यान. भुंग्याच्या पाठीवरचे ते टणक कवच हे त्याचे पुढचे पंख आहेत. उडण्यासाठी नव्हेत, झाकण्यासाठी. म्यान उघडले की आत घडी घातलेले खरे पंख बाहेर येतात. नारळाचा नाश करणारे दोन्ही भुंगे ह्याच गणातले. गेंड्या भुंगा शेणखताच्या व कुजक्या पाल्याच्या खड्ड्यांत वाढतो आणि नारळाचा न उमललेला सुई-कोंब कुरतडतो. पान उमलले की कात्रीने कापल्यासारखे दिसते ते ह्याच्यामुळे. सोंड्या भुंगा झाडाच्या जखमेत अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात. दोघेही म्यानपंखी आहेत एवढे कळल्याने माड वाचत नाही, हे खरे. पण पत्रकावर 'कोलिऑप्टेरा' छापलेले असले आणि खाली खतखड्डे साफ ठेवण्यास सांगितले असले, तर कोणत्या प्राण्याविषयी बोलणे चालले आहे हे कळावयास हवे. ते न कळल्यामुळे पत्रकाची होडी करून मुलांनी पऱ्ह्यात सोडलेली मी पाहिली आहे.

हेमिप्टेरा म्हणजे अर्धपंखी. पुढच्या पंखाचा अर्धा भाग चिवट व अर्धा पातळ असतो म्हणून. हापूसच्या मोहोराचा रस शोषणारा तुडतुडा ह्यात येतो, मावा येतो, आणि ढेकूणही येतो. चाळीत राहिलेल्या माणसाला ढेकूण उडत नाही हे सांगावयास नको. त्याला पंख नाहीतच. मग तो अर्धपंखी कसा? सुईसारखे शोषणारे तोंड ही त्या गणाची खरी खूण आहे, आणि ती ढेकणाजवळ आहे, म्हणून. नाव पाडणाऱ्याने डोळ्यांत भरणारी गोष्ट घेतली आणि नाते दुसऱ्याच गोष्टीवरून ठरले. असे वारंवार होते. पहिल्या पावसात दिव्याभोवती गर्दी करून सकाळी ओटीवर पंखांचा सडा टाकणाऱ्या वाळवीला आयसोप्टेरा, म्हणजे समपंखी, असा स्वतंत्र गण दिलेला होता. तिचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात, नाव अगदी बरोबर आहे. पण अलीकडच्या आनुवंशिक अभ्यासावरून वाळवी ही झुरळांच्याच कुळातली ठरली आणि २००७ नंतर तो स्वतंत्र गण शास्त्रज्ञांनी मोडीत काढला. नाव बरोबर असूनही वर्गीकरण चुकू शकते.

वटवाघळाचा गण कायरॉप्टेरा, म्हणजे हातपंखी. 'कायर' म्हणजे हात. सर्जन ह्या शब्दाच्या मुळाशीही हाच हात आहे. त्याचा मूळ ग्रीक अर्थ हाताने काम करणारा. मोठ्या इस्पितळातील शस्त्रक्रियेचे साहेब मुळात हातकामगार आहेत, ही गोष्ट मला फार आवडते. वटवाघळाचा पंख म्हणजे त्याचा पंजा: चार बोटे लांबवून त्यांच्यात कातडे ताणलेले, आणि अंगठा लटकण्यासाठी मोकळा. नामशेष झालेल्या टेरोडॅक्टिलचे नाव 'पंख-बोट' असे आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ क्यूव्हिए ह्याने १८०९ साली त्याला ते दिले. त्याचा सगळा पंख एकाच लांबलचक बोटावर ताणलेला होता. पक्ष्यांचे आणखी निराळे. त्यांची बोटे जुळून गेली व पिसांनी काम उचलले. तीन प्राण्यांनी तीन निरनिराळ्या रीतींनी हाताचा पंख केला, आणि त्यांतील दोन रीती नावांतच लिहून ठेवलेल्या आहेत. ज्या १८६१ साली फ्रान्समध्ये हेलिकॉप्टर शब्द झाला, त्याच साली जर्मनीत बव्हेरियाच्या चुनखडीत सापडलेल्या पिसाळ प्राण्याला आर्किऑप्टेरिक्स, म्हणजे पुराणपंख, असे नाव मिळाले. दात सरड्यासारखे, शेपटीत हाडे, आणि अंगावर पिसे. डार्विनचा ग्रंथ निघून दोनच वर्षे झाली होती. त्याच्या विरोधकांना त्या दगडाने बरेच अवघड केले.

येथवरचे पंख डोळ्यांना दिसणारे होते. आता न दिसणाऱ्या पंखाकडे येतो, आणि त्यासाठी परळला जावे लागते.

मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ आली. गिरणगाव ओस पडले. आपल्या कोकणातले लोक मिळेल त्या बोटीने गावाकडे परतले. त्या साथीवर लस शोधणाऱ्या हाफकिन ह्यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नर-बंगल्यात आली आणि १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. प्लेग उंदरावरील पिसवेमार्फत पसरतो हे सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत दाखविले. पुढे १९०५ नंतरच्या वर्षांत परळच्या प्रयोगांनी ते पक्के केले. पिसवेच्या गणाचे नाव सायफोनॅप्टेरा. 'सायफन' म्हणजे नळी, आणि 'आप्टेरा' म्हणजे बिनपंखी. तो नकाराचा 'अ' आपल्या 'अपुरा', 'अजाण' ह्यांतलाच आहे. पंख नाहीत म्हणून पिसू स्वतः दूर जाऊ शकत नाही. ती उंदरावर बसून गेली आणि उंदीर धान्याबरोबर गेला.

त्याच परळच्या संस्थेत १९२८ च्या अखेरीस ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर आली. ते साल गिरणी कामगारांच्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपाचे. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. कायदेमंडळात त्या विधेयकाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२८ साली बोलले होते. विल्सबाई मात्र कायद्यासाठी आल्या नव्हत्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक विलक्षण रक्तक्षय होत असे. रक्तातील तांबड्या पेशी संख्येने घटत आणि आकाराने फुगत. बाई पांढरीफटक पडे, धाप लागे, आणि पुष्कळदा बाळंतपणाच्या सुमारास दगावे. दिसण्यात तो त्या काळी प्राणघातक म्हणून माहीत असलेल्या दुसऱ्या एका रक्तक्षयासारखा होता, पण तो नव्हता.

विल्सबाईंनी सूक्ष्मदर्शकाबरोबर चूलही पाहिली, ही त्यांची मोठी गोष्ट. मुंबईतील बायका काय खातात व कशा राहतात ह्याची पाहणी विल्स व तळपदे ह्यांच्या नावाने १९३० साली प्रसिद्ध झाली. रोग जंतूचा नाही, ताटातला आहे, हे त्यातून उघड होत गेले. गरीब घरांतून भाजीपाला, फळ, दूध ह्यांचा पत्ता नव्हता. निरनिराळी जीवनसत्त्वे देऊन पाहिली, गुण येईना. मग प्राण्यांवरील प्रयोगांत यीस्टचा अर्क, बाजारात 'मार्माइट' नावाने मिळणारा स्वस्त काळा लेप, कामी आला. तो बायकांना दिला आणि त्या सुधारू लागल्या. १९३१ साली विल्सबाईंनी हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केले. अर्कात नेमके काय आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून त्याला काही काळ नुसता 'विल्स घटक' म्हणत.

त्या घटकाच्या नावात पंख कसा शिरला, ही गोष्ट दुसऱ्या टोकाकडून सुरू होते. १८८९ साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स हा तरुण पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या पंखांतून रंगद्रव्य काढीत बसला होता. ह्या कामाचा कोणाला काय उपयोग, असे तेव्हा कोणीही विचारले असते. पुढे १९२५ साली जर्मनीत वीलांड आणि त्याच्या सहकाऱ्याने ते पिवळे द्रव्य शुद्ध स्वरूपात काढले. फुलपाखराच्या पंखातून आलेले म्हणून ह्या जातीच्या द्रव्यांना नाव पडले 'टेरिन', प सकट म्हणावयाचे तर प्टेरिन. हॉपकिन्सला १९२९ साली जीवनसत्त्वांवरील कामाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच साली विल्सबाई भारतात होत्या. त्याच्या तरुणपणीच्या फुलपाखरांचा आणि परळच्या आजारी बायकांचा काही संबंध आहे, हे त्याला किंवा विल्सबाईंना कळण्याचा मार्गच नव्हता.

१९४१ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये मिचेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टनावारी पालकाच्या भाजीतून एक द्रव्य अतिसूक्ष्म प्रमाणात वेगळे केले. पानातून आले म्हणून लॅटिनमधील पानाच्या शब्दावरून त्याला फोलिक ॲसिड म्हटले. चार वर्षांनी, १९४५ साली, लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीतीने तयार झाले. त्या संशोधनाचे प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातील भीमवरमचे. घडण उलगडली तेव्हा त्या रेणूचे तीन सांधे दिसले, आणि त्यांतील पहिला सांधा फुलपाखरांच्या पंखांतील त्याच जातीचा निघाला. म्हणून रसायनशास्त्रातील त्याचे पूर्ण नाव 'टेरॉइलग्लुटामिक ॲसिड'. विल्सबाईंच्या काळ्या लेपातील घटक हाच.

एका वस्तूची दोन नावे: एकात पान, एकात पंख. आणि आपल्या 'पत्र' शब्दात पान व पंख हे दोन्ही अर्थ हजारो वर्षे शेजारी बसले आहेत. 'पर्ण' शब्दाचेही तसेच. गरुडाला सुपर्ण म्हणतात ते त्याच्या पंखांवरून. एवढ्यावरून आपल्या पूर्वजांना फोलिक ॲसिड ठाऊक होते असे कृपा करून कोणी म्हणू नये. पान आणि पीस दिसावयास सारखी असतात, म्हणून दोहोंना एक शब्द झाला. बाकी योगायोग आहे. योगायोगाने आनंद होण्यास हरकत नाही.

हे द्रव्य शरीरात करते काय? नवी पेशी तयार होण्यापूर्वी तिच्या आनुवंशिक द्रव्याची नक्कल व्हावी लागते, आणि त्या नकलेच्या कामाला ते लागते. ते कमी पडले की रक्ताची पेशी वाढत राहते पण विभागत नाही. म्हणून विल्सबाईंना पेशी मोठ्या आणि थोड्या दिसल्या. गरोदरपणी दोन जिवांच्या पेशी वाढत असतात, तेव्हा तुटवडा आधी तेथेच भासतो. आपल्या देशात १९७० पासून गरोदर बायकांना लोहाबरोबर फोलिक ॲसिडच्या गोळ्या देण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. आज आशाताई देतात त्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते, आणि चौथ्या महिन्यापासून निदान १८० दिवस ती रोज घ्यावयाची असते. पुष्कळ बायका ती घेत नाहीत. मळमळते म्हणून, आणि ती कशासाठी हे कोणी सांगितलेले नसते म्हणून. वेष्टणावरचा शब्द त्यांना वाचता येत नाही आणि देणाऱ्या ताईला वाचून दाखवण्याइतका वेळ व मानधन मिळत नाही. एका आशाताईने फुलपाखराची ही गोष्ट बैठकीत ऐकली आणि नंतर तीच गोष्ट आपल्या पाड्यावर, माझ्यापेक्षा चांगली, सांगितली.

ह्याच सांध्यावर घाव घालणारे औषधही निघाले. पेशींची वाढ फोलिक ॲसिडावर चालते, तर त्याच्यासारखे दिसणारे पण काम न करणारे द्रव्य देऊन रोगट पेशींची वाढ अडविता येईल, हा तर्क. सुब्बाराव ह्यांच्या प्रयोगशाळेने असे 'अमिनॉप्टेरिन' तयार केले आणि बॉस्टनचे डॉ. सिडनी फार्बर ह्यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांना ते दिले. काही मुलांचा रोग तात्पुरता का होईना मागे हटल्याचे त्यांनी १९४८ साली प्रसिद्ध केले. त्यापूर्वी ह्या रोगावर काहीच चालत नसे. त्याचे धाकटे भावंड मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. त्याचे जुने नाव 'अमेथॉप्टेरिन', म्हणजे पंख तेथेही होता. नव्या नावात तो झडला.

सुटे भाग ओळखता येऊ लागले की माणसाला जिकडेतिकडे पंख दिसू लागतात, तेव्हा एक इशारा देणे भाग आहे. आपल्या डोंगरांतील बिबळ्याचे शास्त्रीय नाव टेरोकार्पस, म्हणजे पंखफळी. त्याच्या चपट्या शेंगेभोवती गोल पंख असतो. हे ठीक. आता वावळ घ्या. उन्हाळ्यात तिच्या पातळ, गोल चकत्या वाऱ्यावर गावभर उडतात. तिचे नाव होलोप्टेलिया. पाहताच कोणीही म्हणेल, हा पंखच. पण नाही. 'प्टेलिया' हे एल्म नावाच्या युरोपीय झाडाचे ग्रीक नाव आहे. बी पंखाचे आहे, नाव पंखाचे नाही. शब्दकोश उघडल्याशिवाय शब्द सोडवू नये.

मराठी प्रतिशब्द करावेत की नाहीत, हा वाद आपल्याकडे जुना आहे. महाराष्ट्र राज्य झाले त्याच १९६० साली भाषा संचालनालय निघाले आणि परिभाषेचे कोश होऊ लागले. माझे मत असे की कागदावर जगभर चालणारे नाव राहू द्यावे, कारण कोकणातला रोगी मुंबईस गेला तरी कागद तोच चालला पाहिजे. पण त्याशेजारी 'म्यानपंखी', 'खवलेपंखी' असा उघडा मराठी शब्द छापावा. दुर्बोध ग्रीकच्या जागी तितकेच दुर्बोध संस्कृत ठेवल्याने कुलूप बदलते, दार उघडत नाही.

आता शेवटचा पंख, आणि तो आपल्या किनाऱ्यावर सर्वांत अधिक कामाचा. समुद्रावर वर्षानुवर्षे जाणाऱ्या, मिठागरांत किंवा शेतात उन्हात राबणाऱ्या माणसाच्या डोळ्यात, बहुधा नाकाच्या बाजूने, एक मांसल पांढुरकी-लालसर तिकोनी घडी बुबुळाकडे सरकत येते. तिच्या कागदावरचे नाव टेरिजियम. ग्रीक 'प्टेरिजिऑन' म्हणजे छोटा पंख. माशाच्या पराला ग्रीक लोक हाच शब्द वापरीत. घडीचा आकार खरोखरच पंखासारखा असतो. सुश्रुतसंहितेत ह्याच विकाराला 'अर्म' म्हटले आहे, त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि शस्त्राने तो काढण्याची रीतही दिली आहे.

येथे मात्र नावावर थांबता येत नाही. हे नाव आकार सांगते, कारण सांगत नाही. छोटा पंख म्हटल्याने तो आपोआप फुटला असे वाटते. प्रत्यक्षात ऊन, त्यातील अतिनील किरण, वारा आणि धूळ ह्यांच्याशी त्याचा संबंध जोडलेला आहे, आणि पाण्यावरून परावर्तित होणारे ऊन खालूनही डोळ्यात शिरते. म्हणजे तो बऱ्याच अंशी कामातून आलेला विकार आहे. पण ग्रीक नावात काम कोठेच नाही. लोक त्याला मोतीबिंदू समजून घाबरतात किंवा मोतीबिंदूसारखा पिकण्याची वाट पाहतात. तो मोतीबिंदू नव्हे. मोतीबिंदू डोळ्याच्या आतील भिंगात होतो, हा बाहेरच्या पृष्ठभागावर वाढतो. लहान असेतो नुसती देखरेख व डोळ्यांत घालण्याचे थेंब पुरतात. बुबुळाच्या मध्याकडे सरकू लागला, दिसण्यात अडथळा येऊ लागला, तर शस्त्रक्रिया करावी लागते. नुसता कापून काढला तर तो पुष्कळदा पुन्हा वाढतो. म्हणून त्या जागी त्याच रोग्याच्या डोळ्यावरील पातळ पटलाचा तुकडा बसवितात, आणि मग परत येण्याचे प्रमाण बरेच घटते. शस्त्रक्रियेस होकार देण्यापूर्वी हा तुकडा बसविणार की नाही, एवढा एक प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावा. आणि पुन्हा समुद्रावर जाताना रुंद काठाची टोपी व अतिनील किरण अडविणारा, बाजूंनी बंद असा गडद चष्मा घालावा. जो दुसऱ्याच्या बोटीवर मजुरीने जातो त्याने तो चष्मा स्वतःच्या पैशाने का घ्यावा, हा प्रश्न मागणीपत्रात घालण्यासारखा आहे.